लाकडी गाडीचे कारण

भारतीय अवकाश संशोधनाचा इतिहास सांगताना दोन छायाचित्रे हटकून दाखवली जातात. एकात सायकलच्या कॅरिअरवर अग्निबाणाचे टोक ठेवून थुंब्याची माणसे निघाली आहेत. दुसऱ्यात ‘ॲपल’ हा उपग्रह बैलगाडीवर विराजमान आहे. दोहोंचा अर्थही ठरून गेला आहे: पैसा नव्हता, पण जिद्द होती. हा अर्थ अभिमानाचा वाटला, तरी त्यामुळे इस्रोच्या घडणीतली सर्वांत मोलाची गोष्ट झाकली जाते. बैलगाडी नाइलाजाने आली नव्हती. ‘ॲपल’च्या अँटेनाची चाचणी मोकळ्या मैदानात घ्यायची होती, आणि जवळ लोखंड असले की रेडिओलहरी त्यावर आपटून मोजमाप बिघडवतात. ट्रक लोखंडी आणि बैलगाडी लाकडी, एवढे साधे ते कारण. हाच उपग्रह १९ जून १९८१ रोजी कुरू येथून युरोपच्या एरियान अग्निबाणाने अवकाशात गेला. काम नेमके काय आहे ते आधी ठरवायचे आणि त्याला पुरेल, शोभेल ते साधन मग शोधायचे, ही या संस्थेची मूळ शिस्त होती.

या शिस्तीचा उगम थुंब्यात दिसतो. १९६२ साली विक्रम साराभाईंच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि अग्निबाण उडवण्यासाठी जागेचा शोध सुरू झाला. त्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचाही वाटा होता. शोध शास्त्रीय प्रश्नाच्या मागून चालला होता. चुंबकीय विषुववृत्ताच्या वर, सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक प्रवाह वाहतो. तिथवर फुगा पोहोचत नाही आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. मोजणी करायची तर छोटा अग्निबाणच हवा. तिरुवनंतपुरमजवळचे थुंबा हे मासेमारांचे गाव नेमके त्या रेषेलगत होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा आणि गावातले ख्रिस्ती भाविक यांनी सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च आणि भोवतीची जमीन दिली. चर्चमध्ये कामकाज सुरू झाले, आणि २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी तिथून पहिला अग्निबाण उडाला.

यावर कोणी म्हणेल की गरिबी खोटी होती काय? मुळीच नव्हती. तो पहिला ‘नाइके-अपाचे’ अमेरिकेचा होता आणि त्यातले सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे. पण टंचाई तर त्या काळी देशातल्या प्रत्येक संस्थेला होती, आणि प्रत्येक संस्थेचे इस्रो झाले नाही. फरक कुठे पडला ते १९७५-७६ च्या ‘साइट’ या दूरचित्रवाणी प्रयोगात स्पष्ट दिसते. उपग्रह नासाकडून वर्षभरासाठी उसना घेतला. कष्ट खर्च झाले ते सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांच्या जमिनीवर. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची सुमारे दहा फुटी अँटेना उभारून शेती आणि आरोग्याचे कार्यक्रम थेट गावात उतरवले गेले. त्या लहरींसाठी जाळी पुरत होती, म्हणून पत्रा वापरला नाही.

मग याला ‘जुगाड’ म्हणावे का? हा शब्द आज कौतुकाने वापरतात, पण इथे तो अन्यायकारक आहे. जुगाड दोष सांभाळून घेतो. अग्निबाण दोष सांभाळून घेत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेले पहिले एसएलव्ही-३ समुद्रात कोसळले ते दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातल्या एका झडपेच्या गळतीमुळे. चौकशी झाली, दोष सापडला, आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या यानाने ‘रोहिणी’ उपग्रहाला कक्षेत नेऊन सोडले. त्या यानाचे घन इंधन वसंत गोवारीकरांसारख्यांनी थुंब्यात वर्षानुवर्षे खपून घडवले होते. त्या अकरा महिन्यांतली चौकशी आणि मैदानातली ती लाकडी गाडी यांच्यामागे एकच वृत्ती आहे: मोजमापाशी तडजोड नाही. म्हणून ते छायाचित्र मुलांना दाखवताना देश किती गरीब होता एवढेच सांगून थांबू नये. गाडी लाकडाचीच का, हेही त्यांना विचारावे. त्या प्रश्नापाशी त्यांचे विज्ञान सुरू होईल.