वाढत्या डुकराचे खाद्य : प्रथिनांचा हिशेब

दुधाळ जनावरांचा चारा आणि कोंबड्यांचे खाद्य यांवर मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्या मानाने डुक्कर उपेक्षितच राहिले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील अनेक गोंड-माडिया घरांत मात्र ते अडीअडचणीला विकता येणारे धन आहे, सणासमारंभाचे जेवणही आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 90 लाख डुकरे नोंदली गेली. 2012 पेक्षा हा आकडा साधारण 12 टक्क्यांनी कमी होता. या जनावराच्या पोषणाचे शास्त्र या पुस्तकातून मराठी वाचकाच्या हाती देताना म्हणूनच थोडा आनंद होतो, थोडा अभिमानही.

प्रथिने जास्त दिली की वाढ जास्त, असे आपण सहज धरून चालतो. खरे पाहता डुकराला हवी असतात अमिनो आम्ले, आणि तीही ठरावीक प्रमाणात. धान्यावर आधारलेल्या खाद्यात बहुधा लायसिन सर्वांत आधी कमी पडते. ते कमी असले की बाकीची आम्ले असूनही मांस बनवण्यास पुरी पडत नाहीत. त्यांतील नत्राचे यकृतात युरिया होते आणि तो मूत्रावाटे निघून जातो. गरजेपेक्षा अधिक प्रथिनांचेही तेच होते. याउलट, प्रथिने काही टक्क्यांनी उतरवून लायसिनसारखी आम्ले वेगळी मिसळली, तर वाढ जवळपास तशीच राहते आणि वाया जाणारे नत्र घटते. या विषयावरचे बरेच संशोधन युरोपात झाले. तिथला प्रश्न अतिरेकाचा, शेणमूत्रातील नत्र जमिनीत आणि पाण्यात साचण्याचा.

आपल्याकडची अडचण नेमकी उलटी आहे. इथल्या डुकरांपुढे येतो तो भाताचा कोंडा, कणी, पेज, हंगामात मोहफुले. मोहफुलांत साखर भरपूर, प्रथिने थोडी. कोंड्यात साधारण 12-13 टक्के प्रथिने असतात खरी, पण ती चांगल्या कोंड्यात. जुन्या हलर गिरणीतून निघणाऱ्या कोंड्यात तूस मिसळलेले असते. प्रथिने घटतात, पचनीयताही कमी होते. शिवाय कोंड्यातला बराचसा स्फुरद फायटेट या संयुगात अडकलेला, डुकराला न मिळणारा. धानानंतर जमिनीतल्या ओलाव्यावर येणाऱ्या लाखोळी या कडधान्यात वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढी प्रथिने आणि चांगले लायसिन असते, मात्र मज्जासंस्थेला घातक असे द्रव्यही असते. भिजवून, उकळून, पाणी टाकून दिल्याने ते कमी होते, पूर्णपणे जात नाही. मोहाची ढेप तर तिच्यातील सॅपोनिन या घातक द्रव्यामुळे तशीच घालू नये.

वाचकांनी आधी नत्र-समतोलाची कल्पना समजून घ्यावी : खाल्लेल्या नत्रातून शेणातले व मूत्रातले वजा केले की उरते ते शरीरात राहिलेले. मग पुस्तकातील तक्त्यांकडे वळावे. तक्ता पाहताना जनावराचे वजन किती होते आणि ते पिंजऱ्यात होते की मोकळे, हे तुम्ही जरूर पाहा. रानात कंद, गांडुळे उकरून खाणाऱ्या डुकराचा बराचसा आहार कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. आणि पुस्तकातला आकडा आपल्या गावच्या कोंड्याला लावण्याआधी त्या कोंड्याचा नमुना तपासून घ्या; 1958 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पशुपोषणाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे विचारणा करता येईल.