ओवीला अल्बम नसतो

गाणी सांभाळायचं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, ते आधी तीनच गोष्टी विचारतं: गायक कोण, अल्बम कुठला, साल कोणतं. लता, भीमसेन, शाहीर साबळे यांच्यापुरतं ठीक आहे. पण वेल्ह्याच्या (आता राजगड तालुका म्हणायचं) आमच्या आत्याच्या ओव्या मी फोनवर घेतल्या आणि तिन्ही रकाने कोरे राहिले. गायिका म्हटलं की ती हात जोडते. अल्बम नाही. साल तरी कुठलं लावू? ओवी तिच्या आजीकडून आलेली. भोरच्या बाजारातून मेमरी कार्डात भरून आणलेल्या गाण्यांत या फायली अशा मिसळल्या, की 'ट्रॅक ०१' उघडलं की कधी लावणी लागते, कधी आत्या.

ही अडचण या डोंगरात माझ्या कितीतरी आधी दुसऱ्यांना आली होती. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ यांनी मुळशी, वेल्हे, भोर, मावळ या पट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांसोबत काम करताना जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजारावर गावं आणि एक लाखाच्या वर ओव्या! तोवर गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या होत्या. जातं उरलं लग्नातल्या हळदीपुरतं, नाहीतर नाचणी भरडायला.

मला खरं कौतुक आहे ते त्यांच्या मांडणीचं. त्यांनी ओवी लावली विषयावर आणि नात्यावर: सीता, पंढरी, भाऊ-बहीण, आई-लेक, सासर, बाबासाहेब. शिवाय प्रत्येक ओवीला क्रमांक, सांगणाऱ्या बाईचं नाव, गाव, तालुका. जात्यावर बाईला ओवी आठवते तीही अशीच. भावाची निघाली की भावाच्याच येत राहतात, घास संपेपर्यंत. संगीत कंपन्यांनी पाडलेले रकाने त्यापुढे अगदीच दुकानी वाटतात.

आवाजाचं काम वेगळंच अवघड. १९९०च्या दशकात संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल यांनी १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण करून घेतलं. कागदावर ओवी दोन ओळींची. गाताना मात्र बाई अर्धी ओळ परत घेते, मध्ये 'बाई' घालते, खुंट्याच्या फेऱ्याला ओळ ताणते. दोन बायका समोरासमोर बसल्या की एकीची ओळ दुसरी उचलते. मग 'गायक' या रकान्यात नाव कुणाचं घालणार?

पॉइटवाँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये. संग्रह पोरका झाला नाही, कारण नोंदी नीट होत्या. २०१७पासून 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ओव्या भाषांतर आणि आवाजासकट येऊ लागल्या. नुसत्या यंत्रावर विसंबून हे जमलं नसतं. त्या काळी ध्वनिमुद्रणात नावाजलेली डॅट टेप घ्या. सोनीने तिची यंत्रं बनवणं २००५मध्येच थांबवलं. इकडे महिना भरून ऐकायच्या सेवांचं म्हणाल, तर त्यांच्यावर माझा राग एवढाच, की आज यादीत असलेलं गाणं उद्या असेलच असं नाही. आणि आत्या तर तिथे नाहीच.

आता फायलीचं नाव मी क्रमांकाने देतो, आणि शाळेच्या हजेरीसारख्या एका रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे लिहितो: कुणी म्हटली, कुणाला उद्देशून, दळण कशाचं होतं. रजिस्टरला चार्जर लागत नाही. प्रती दोन ठेवतो, एक भोरला, एक पुतण्याकडे पुण्यात. 'गाव' या रकान्यात मी वेल्ह्याजवळचं तिचं सासर लिहिलं होतं. आत्याने वाचून घेतलं आणि म्हणाली, "ते खोड. ओवी माझ्या माहेराची हाय, भोरच्या अंगाची. हितं आल्यावर निस्ती दळली." आता गावाचे रकाने दोन केलेत, त्यामुळे सगळी पानं पुन्हा आखावी लागली.