निवडुंगाच्या कुंडीला पाणी कधी आणि किती? सुरतच्या हवेतलं बारा महिन्यांचं गणित

सुरतमधल्या उधना, लिंबायत, डिंडोलीच्या गॅलऱ्यांत तुळशीच्या शेजारी हल्ली निवडुंगाची छोटी कुंडी हमखास दिसते. जागा कमी लागते, निगा कमी लागते, म्हणून लोक हौसेने आणतात. पण यातली बरीच रोपं पहिल्याच पावसाळ्यात बुडाशी कुजून जातात. पाणी कमी पडून निवडुंग सहसा मरत नाही, तो जास्त पाण्याने मरतो.

सुरतची हवा वेगळी का?

निवडुंगाच्या बहुतेक पुस्तकी सूचना थंड देशांसाठी लिहिलेल्या असतात: उन्हाळ्यात पाणी द्या, हिवाळ्यात बंद ठेवा. तिथे थंडी आणि ओल एकत्र आली की मूळ सडतं. सुरतमध्ये धोक्याचा काळ पावसाळा आहे. इथे वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर पाऊस होतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. धुळ्यात तो याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय समुद्र जवळ असल्याने हवा दमट, त्यामुळे कुंडीतली माती आठवडाभर ओली राहते. ऊब आणि ओल एकत्र आली की बुरशीला फावतं.

निवडुंग खोडात पाणी साठवतो. त्याच्या सालीवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, म्हणून उन्हातही त्याचं पाणी फारसं उडत नाही. मनी प्लांटला लागतं तसं रोजचं पाणी त्याला नकोच असतं.

आधी कुंडी आणि माती तपासा

कुंडीला खाली भोक हवंच. भेट म्हणून मिळणाऱ्या चिनी मातीच्या शोभेच्या वाट्यांना बऱ्याचदा भोक नसतं. त्यातलं रोप काढून दुसरीकडे लावा. भाजक्या मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची उशिरा. सुरतसाठी मातीची बरी.

गावाकडची काळी माती आणून भरू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगडासारखी आवळते. दोन भाग जाडसर नदीची वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे, एक भाग साधी माती, एक भाग जुनं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत, एवढं पुरतं. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका, तुटलेली मुळं भरून येऊ द्या.

पाणी देण्याची रीत

रोज दोन चमचे, ही पद्धत चुकीची. पाणी वरच्या थरातच राहतं, खालची मुळं कोरडी राहतात. द्यायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि मग माती पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. चार इंची कुंडीला साधारण एक कप पुरतं. माती वाळली का हे बघायला लाकडी काडी तळापर्यंत खुपसा. कोरडी बाहेर आली तर पाण्याची वेळ झाली. नुसती कुंडी उचलून पाहिली तरी वजनावरून अंदाज येतो.

महिन्यांप्रमाणे वेळापत्रक

मार्च ते मे: वाढीचे दिवस. आठ ते दहा दिवसांनी एकदा, पहाटे किंवा संध्याकाळी. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी ओतू नका. नंदुरबार, धुळे, जळगावकडे हवा कोरडी आणि पारा चाळिशीच्या वर असतो, तिथे सहा-सात दिवसांनी लागेल.

जून ते सप्टेंबर: पहिल्या पावसाआधीच कुंडी छपराखाली घ्या, पण उजेड आणि वारा हवा. दोन कुंड्यांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवा. पाणी जवळपास बंद. अंग सुरकुतलंच तर उघडीप बघून तीन आठवड्यांनी थोडं द्या. एखाद्या सरीने भिजला म्हणून घाबरू नका, सलग ओल नको एवढंच.

ऑक्टोबर, नोव्हेंबर: पावसाने उघडीप दिली की दहा ते पंधरा दिवसांनी एकदा. लगेच कडक उन्हात नेऊ नका, साल भाजते. आठवडाभर सावली-ऊन अशी सवय लावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी: तीन ते चार आठवड्यांनी एकदा, सकाळी ऊन आल्यावर. मॅमिलेरियासारख्या जातींना ही कोरडी विश्रांती मिळाली तर पुढे फुलं चांगली येतात.

आखाजीला किंवा दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना निघायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि कुंडी थेट उन्हातून बाजूला ठेवा. तीन आठवडे काही होत नाही. शेजाऱ्यांना किल्ली दिली असेल तर निवडुंगाला पाणी घालू नका असं मुद्दाम सांगा.

पाणी कोणतं?

पावसाचं उत्तम, नळाचं चालतं. समुद्राकडच्या भागातलं बोअरचं पाणी खारं असेल तर टाळा. मातीवर पांढरा थर बसतो. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणीही घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. मुळांसाठी तर हवंच, पण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पावसाळ्यात बशी काढूनच ठेवलेली बरी.

सगळेच निवडुंग सारखे नाहीत

हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा बसवलेलं रोप म्हणजे कलम. खालचा दांडा ड्रॅगन फ्रूटच्या कुळातला असतो, हेच फळ गुजरात सरकारने २०२१ मध्ये ‘कमलम’ म्हणून जाहीर केलं. हा जंगलातल्या झाडांवर चढणारा निवडुंग, त्यामुळे त्याला थोडं लवकर पाणी आणि थोडी सावली लागते. त्रिधारी शेर हा खरा निवडुंग नाही, कापला की पांढरा चीक येतो. पाण्याचा नियम तोच, पण चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

बिघडलं कसं ओळखायचं?

अंग सुरकुतलं पण कडक आहे: पाणी कमी पडलंय, एकदा भरपूर द्या. बुडाशी पिवळट-तपकिरी, दाबलं की मऊ, वास येतो: सड लागली. कुंडीतून काढा, घडी घातलेल्या वर्तमानपत्राने धरा आणि स्वच्छ सुरीने आतला भाग पूर्ण निरोगी दिसेपर्यंत कापा. तपकिरी ठिपका राहिला तर सड पुन्हा चढते. वरचा तुकडा सावलीत आठ-दहा दिवस सुकवा, पावसाळा असेल तर पंख्याखाली. काप कोरडा आणि टणक झाला की कोरड्या वाळूच्या मिश्रणात ठेवा आणि आणखी आठवड्याने पहिलं पाणी द्या.