धुराची वही

सुरत म्हटले की मराठी माणसाला आधी १६६४ साल आठवते. त्या वर्षी जानेवारीत आणि पुन्हा १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी हे बंदर लुटले. तिथल्या इंग्रज वखारवाल्यांनी त्याविषयी पत्रांतून लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला त्या दिवसांबद्दल इतके तपशील सांगता येतात. जे कुणी टिपून ठेवले नाही, त्याचा इतिहास अंदाजाने लिहावा लागतो. सुरतेच्या धुराचे असेच आहे.

शहराच्या आग्नेय अंगाला, उधन्याच्या पलीकडे डिंडोली आहे. धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेल्या खानदेशी कुटुंबांची इथे मोठी वस्ती. गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणी इथे सहज कानावर पडते. पुष्कळांचे काम कापडाचे: कुणी लूमवर, कुणी पांडेसरा-सचिन पट्ट्यातल्या डाइंग मिलमध्ये. कापड रंगवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला कोळसा किंवा लिग्नाइट. म्हणून या भागात चिमण्या आल्या, आणि धूर आला.

हा धूर छातीत जातो हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण तो ढगातही जातो, हे कळायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास दोन काचेच्या भांड्यांत वाफ सोडली. एकात साधी हवा होती, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. पहिल्यात दाट पांढरे धुके झाले, दुसऱ्यात काहीच दिसले नाही. वाफेला थेंब होण्यासाठी बसायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे हवेतला कण. समुद्राच्या फवाऱ्यातले मीठ, धूळ आणि धुरापासून तयार होणारे गंधकाचे क्षार, ही सगळी ढगांची बीजेच.

बीजे वाढली तर पाऊस वाढेल असे वाटते, पण हिशेब सरळ नाही. तेवढीच वाफ जास्त कणांत वाटली गेली की थेंब लहान होतात. अशा बारीक थेंबांचा ढग अधिक पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत आकाशात फेकतो. हे शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात मांडले. शिवाय बारीक थेंब एकमेकांत मिसळून जड व्हायला वेळ लागतो, त्यामुळे काही ढगांत पाऊस लांबतो. काजळीचे उलटे असते. ती ऊन शोषते आणि भोवतालची हवा तापवते.

गोव्याचाही या अभ्यासाशी संबंध आहे. हिवाळ्यात वारे जमिनीवरून अरबी समुद्राकडे वाहतात आणि उपखंडाचा धूर बरोबर नेतात. १९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात वीरभद्रन रामनाथन आणि नोबेल विजेते पॉल क्रुट्झन यांच्या पुढाकाराने हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ ही मोठी मोहीम झाली. विमाने, उपग्रह आणि मालदीवमधली वेधशाळा यांच्या जोडीला आपले ‘सागरकन्या’ हे संशोधन जहाजही तिच्यात होते. समुद्रावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत तपकिरी धुरके पसरलेले आढळले. त्यामुळे पाण्यापर्यंत पोचणारे ऊन कमी होत होते.

आता मुख्य अडचण. जागतिक हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १७५० पासून वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वीवर दर चौरस मीटरला सुमारे २.१६ वॅट जादा ऊर्जा अडकते, आणि हा आकडा १.९० ते २.४१ या मर्यादेत पक्का आहे. कणांमुळे सुमारे १.१ वॅट कमी होते. पण ही मर्यादा ०.४ पासून १.७ पर्यंत पसरलेली आहे, आणि त्यात ढगांचा वाटा सर्वांत अनिश्चित आहे. धुराने जास्त ऊन अडवले असेल, तर त्याआड बरीच तापमानवाढ दडलेली आहे. कमी अडवले असेल, तर कमी.

ही अनिश्चितता ढगांच्या गुंतागुंतीमुळे आहे, तशीच हरवलेल्या नोंदींमुळेही. जुन्या हवेतला कार्बन डायऑक्साइड ध्रुवीय बर्फातल्या बुडबुड्यांत सापडतो आणि तो जगभर जवळपास सारखाच असतो. धूर मात्र काही दिवसांत खाली बसतो, तोही जागोजागी वेगळा. १८५० साली किंवा १९५० साली कुठल्या गावावर किती कण होते, याची वही कुणी ठेवली नाही. मॉडेलला ते कोळशाच्या खपावरून ताडावे लागते.

म्हणूनच सुरतेतली २०१९ ची घटना मला महत्त्वाची वाटते. त्या वर्षी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथल्या कारखान्यांसाठी धुरातल्या कणांचा परवाना-बाजार सुरू केला. अशा कणांसाठीचा तो जगातला पहिलाच. चिमणीत यंत्र बसवायचे, कण सतत मोजायचे, आणि मर्यादेपेक्षा जास्त सोडायचे असतील तर दुसऱ्याकडून परवाने विकत घ्यायचे. ३१७ कारखान्यांवरचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात असलेल्यांचे कण बाहेरच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी भरले.

ही वही अपुरी आहे. ती कणांचे वजन सांगते, ढगाला मात्र संख्या लागते. गंधकाचा वायू पुढे हवेत जाऊन कण बनतो, तोही तिच्यात येत नाही. आणि फिल्टरमध्ये काजळी अडली तरी कार्बन डायऑक्साइड निघून जातोच. धुराची सावली काढायची आणि हा वायू तसाच ठेवायचा, तर ऊन वाढणारच. पण म्हणून सावलीसाठी डिंडोलीच्या पोरांनी काजळी गिळत राहावे, असे कुणी म्हणणार नाही. दोन्ही कमी करावे लागतील, आणि दोन्ही लिहूनही ठेवावे लागतील. पुढच्या पिढीला निदान आपल्या काळाचा धूर तरी अंदाजाने लिहावा लागू नये.