फिर्याद: आरोळीचा कागद

फारसीत ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक, आक्रोश. मराठीने अक्षर जरा वळवून ‘फिर्याद’ केली आणि थेट ठाण्यात नेऊन बसवली.

आजचा धाराशिव जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथला कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. त्यामुळे फिर्याद, जामीन, मुद्देमाल हे शब्द इथे कुणाला परके वाटले नाहीत.

कागदावर आल्यावर मात्र आक्रोशाला हद्द लागते. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य कुणी ऐकलेलं नाही? तुळजापूरच्या गर्दीत मंगळसूत्र हिसकावलं गेलं आणि घाबरलेली बाई सोलापूरला घरी पोचल्यावर ठाण्यात गेली, तरी तिची फिर्याद घ्यावीच लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 तेच सांगतं. तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, प्रत फुकट द्यायची. ठाण्याने नकार दिला, तर मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो.

गंमत म्हणजे हाक मारणारा तो ‘फिर्यादी’. पण खटला उभा राहिला की त्याच्या जागी नाव लागतं ‘महाराष्ट्र शासन’ असं, आणि तो उरतो साक्षीदार.