बाजारातली जागा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे वडील मण्यार होते. काचेच्या बांगड्यांच्या पेट्या सायकलला बांधून ते बाजार करीत. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. शाळेला सुटी असली की मीही त्यांच्या मागे चालत जाई.

आमचे हिवरा आश्रम मेहकर तालुक्यात आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात इथे लाखभर माणसे शेतात पंगतीने बसतात आणि ट्रॅक्टरमधून आलेला पुरी-भाजीचा महाप्रसाद सर्वांना मिळतो. एवढ्या गर्दीला शिस्त कशी लागते, असे पाहुणे विचारतात. तिथे स्वयंसेवक असतात, रांगा आधी आखलेल्या असतात. पण आठवडी बाजारात हातात शिट्टी घेतलेला माणूस दिसत नाही. तरी पहाटे मोकळे असलेले मैदान दहा वाजेपर्यंत भरते आणि ज्याला जे हवे ते नेमके सापडते. हे कसे होते, याचे मला लहानपणापासून कुतूहल आहे.

नीट पाहिले तर बाजाराला स्वतःचा नकाशा असतो. गुरांचा बाजार कडेला, पाण्याजवळ आणि झाडांच्या सावलीत. कुंभार रस्त्यालगत, कारण मडकी गाडीतून उतरवून फार लांब नेली तर फुटतात. मटण-मासळी एका टोकाला. भाजीवाल्या समोरासमोर दोन ओळींत. मधली वाट डोक्यावर टोपली घेतलेली बाई जाईल एवढी. बांगड्या, कुंकू, फण्या, आरसे आतल्या बाजूला, जिथे बायाबापड्यांना निवांत बसता येईल. भजी आणि शेवचिवड्याची दुकाने तोंडाशी.

एकाच मालाची माणसे एकाच ओळीत का बसतात? शेजारी शेजारी बसल्याने गिऱ्हाईक तर वाटले जाणार. पण दहा ढीग एका नजरेत दिसले की गरिबातल्या गरीब गिऱ्हाइकालाही भाव ताडता येतो. एकाने जास्त सांगितले तर दुसरा चार पावलांवर आहे. बाजाराची मांडणी हाच गिऱ्हाइकाचा वकील असतो.

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर सरकार शेटे-महाजनांना कौल देई आणि व्यापारी येऊन बसावेत म्हणून काही वर्षे करांत सूट देई. बाजाराची देखरेख शेट्याकडे असे, त्याबदली बाजारात येणाऱ्या मालातून त्याला हक्काचा वाटा मिळे. तो गेला. आता ग्रामपंचायत बाजार कर घेते. बहुतेक ठिकाणी वसुलीचा लिलाव होतो आणि ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन फिरतो.

पण सगळेच रीतीवर सोडून भागत नाही, हेही आपल्या वऱ्हाडानेच दाखवले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खामगावची बाजारपेठ दूरवर गाजली. १८७० मध्ये जलंबहून तिथे रेल्वेचा फाटा आला. पैसा वाढला तशी लबाडीही वाढली. मापात मारायचे, नाना नावांनी कपात करायची. भाव तर उपरण्याखाली बोटे धरून ठरे. दोन हात बोलत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राही. अशा वातावरणात १८८६ साली कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला आणि उघड लिलाव हा नियम ठरला. उपरणे बाजूला झाले. भाव चारचौघांत बोलला जावा, एवढीच त्यातली मूळ गोष्ट. भाजीच्या दोन ओळी जे करतात, तेच कायद्याने केले.

आता जागेचे. मदिनेच्या जुन्या बाजाराबद्दल इस्लामी परंपरेत सांगतात की तिथे भाडे नव्हते आणि कायमची जागाही नव्हती. मशिदीत जो आधी येतो तो पुढे बसतो, तसेच बाजारात. जागा त्या दिवसापुरती. आपल्याकडची रीत उलटी. इथे जागा पिढ्यान्‌पिढ्या चालते. एका रीतीत नव्याला न्याय आहे, दुसरीत जुन्याला.

अब्बा एकदा दोन महिने आजारी होते. बाजार बुडाले. बरे होऊन गेले तेव्हा मी सोबत होतो. त्यांची लिंबाखालची जागा रिकामी होती. शेजारी कुंकू-बुक्का विकणारी म्हातारी म्हणाली, "भाई, एक पोरगा बसाले आला होता. म्या म्हटलं, हे भाईची जागा हाये बाप्पा, तू तिकडं बस." तो पोरगा पलीकडे उन्हात खेळणी मांडून बसला होता. अब्बांनी आपले पाल हातभर आत ओढले आणि त्याला सावलीत बोलावले. त्या दिवशी अब्बांकडे बाजाराचा कुठलाच कागद नव्हता. म्हातारीकडेही नव्हता.

पुढे एका गावात बाजारासाठी सिमेंटचे ओटे झाले. काम चांगलेच होते; चिखल गेला, ऊन टळले. पण ओटे थोडे आणि बसणारे जास्त. यादी पावत्यांवरून झाली. ज्यांनी जुन्या पावत्या जपल्या होत्या त्यांना ओटा मिळाला. टोपलीभर भाजी घेऊन येणाऱ्या बायांनी पावत्या कुठे जपायच्या? त्या रस्त्यावर आल्या. मग रस्ता अडतो म्हणून तिथूनही उठवल्या गेल्या.

शहरांतल्या फेरीवाल्यांसाठी २०१४ साली केंद्राचा कायदा झाला. वर्षानुवर्षे जिथे विकणारे-घेणारे जमतात त्याला हा कायदा 'नैसर्गिक बाजार' म्हणतो आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत, असे सांगतो. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. पण हा कायदा शहर-नगरांचा. खेड्यातल्या आठवडी बाजाराचा निर्णय पंचायतीतच होतो. तिथेही ओटे बांधण्याआधी, गाळे काढण्याआधी, बाजाराच्या दिवशी एक फेरी मारायला काय हरकत आहे? कोण कुठे बसते, का बसते, हे शेजारच्याला विचारले तर तो सांगेल. यादी करणाऱ्यांनी त्या म्हातारीसारख्यांची साक्ष आधी घ्यावी आणि उन्हातल्या पोरासाठी हातभर जागाही आधीच ठेवावी.

अब्बा गेले. लिंबाखाली आता तोच खेळणीवाला बसतो. मी गेलो की पाल जरा आत ओढतो.