जळगाव जामोदचा सुदामा

मराठी विनोदाची मुहूर्तमेढ ज्याने रोवली, त्या माणसाने बुलढाणा जिल्ह्यात वकिली केली, हे आमच्याकडच्याच पुष्कळांना ठाऊक नसतं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871–1934) खामगाव आणि जळगाव जामोदला वकील होते. गडकरी त्यांना गुरू मानत. 1910 साली त्यांचं 'सुदाम्याचे पोहे' पुस्तकरूपाने आलं. त्याचंच दुसरं नाव 'अठरा धान्यांचे कडबोळे'.

ही कादंबरी नव्हे, लेखसंग्रह आहे. पण सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हे त्रिकूट लेखालेखात भेटतं, त्यामुळे वेब सिरीजसारखं एकेक भाग पुरवून वाचता येतं. सोपं मात्र नाही. वाक्यं एवढी लांब की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर मोबाईलची स्क्रीन विझते. सोवळं, श्राद्ध, शकुन यांतल्या अर्ध्या गोष्टी मला आईला विचाराव्या लागल्या.

तरी पुस्तक सुटलं नाही, ते सुदाम्याच्या खोडीमुळे. हा माणूस रूढींवर तुटून पडत नाही, उलट त्यांची बाजू घेतो. दोघे मित्रही तसेच. तिघं इतक्या निष्ठेने रूढीची वकिली करतात की ती त्यांच्याच युक्तिवादाखाली चेपते. कोल्हटकर स्वतः सुधारणावादी होते. विधवाविवाहाचा प्रश्न त्यांनी 'मतिविकार' नाटकात घेतला. पण विनोद करताना त्यांनी स्वतःला शहाण्यांच्या बाकावर बसवलं नाही, गाढवपणा करणाऱ्यांच्या पंगतीत पाट मांडला. (साक्षीदारांची उलटतपासणी घेणाऱ्याला हे जमणारच.)

आता त्याच जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. गहू, ज्वारी, तूर, सरकी, जवस, करडी, भादली अशी अठरा धान्यं गोल ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी-पापड. राजासाठी पानाचा विडा. रात्रभर तिथे कुणी जात नाही. पहाटे कुठलं धान्य हललं, कुठलं ढेकूळ भिजलं, यावरून पीकपाणी सांगतात. अठरा आणि अठरा हा योगायोग मी जुळवलेला, कोल्हटकरांनी नव्हे.

दुपारपर्यंत ते भाकीत आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतं, आणि पुण्याकडचे मित्र हसण्याच्या इमोजी टाकतात. माझाही त्या भाकितावर विश्वास नाही. हललेल्या दाण्याला पावसाळा कळत नाही. 1913 साली 'भारतीय ज्योतिर्गणित' लिहिणाऱ्या कोल्हटकरांना ग्रहांचं गणित येत होतं, तेव्हा त्यांचंही मत फार वेगळं नसतं. पण त्या इमोजी मला खुपतात. आमच्याकडे कपाशी-सोयाबीन आभाळाच्या भरवशावर असते. बियाण्याची पिशवी उधारीने आणलेली. पहिल्या सरीनंतर पंधरा दिवसांची उघडीप पडली की दुबार पेरणी. जूनमध्ये केव्हा पेरायचं, हा प्रश्न खरा आहे. उत्तर देणारं कुणी धड नसेल तर माणूस घटाकडे जातो. सुदामा असता तर त्याने त्या गर्दीत उभं राहून घटाचं एवढं समर्थन केलं असतं की गर्दीच हसली असती. इमोजीवर गर्दी हसत नाही, दुखावते.

काकांना मी हे सगळं ऐकवलं. मोबाईलवर हवामानाचं ॲपही दाखवलं: उद्या पाऊस, चाळीस टक्के.

"चाळीस टक्के म्हंजे?" ते म्हणाले. "मंग सोळा एकरातल्या किती एकरात पेरू, ते सांग."